गळ्यात घुंगरमाळ आणि अकरा पायऱ्या

ज्याला उंचीची भीती वाटते त्याला बुटकं तरी करावं, एवढी साधी गोष्ट देवाला माझ्या वेळी सुचली नाही. मी सहा फूट दोन इंच वाढलो. मान खाली घालून स्वतःच्या वहाणांकडे पाहिलं तरी मला गरगरायचं. त्यामुळे बाजारात कोणी माझ्या वहाणा बदलल्या तर मला चार-चार दिवस पत्ता लागत नसे. ओट्यावर बसलो तर पाय खाली सोडत नसे. बैलगाडीत तर मी कधी बसलोच नाही. बोरी अरबच्या बाजाराला गाडी पुढे आणि मी मागून पायी. कोणी विचारलं तर सांगायचो, "मुक्या जनावराची दया येते." त्या दयेपायी पंचक्रोशीत माझं नाव झालं. एक म्हातारी तर मला पाहून हात जोडायची, आणि मीही आशीर्वाद द्यायचो. कायले सोडा?

माझं लग्न झालं तेव्हा आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून उठून मुंबई राज्यात गेला होता. जिल्हा एवढा हलला, मी मात्र जमिनीला चिकटून होतो. वरातीला घोडा आणला. तो घोडा कसला, गाढवाने जरा अंग धरलेलं. पण मला त्याची पाठ टिपेश्वरच्या टेकडीएवढी दिसली. मी सगळ्यांसमोर हात जोडून म्हणालो, "ज्या मातीनं अन्न दिलं त्या मातीवरून चालतच मी मांडवात जाईन." बायका डोळे पुसायला लागल्या. सासऱ्यांनी गहिवरून मला मिठी मारली. नवरी दाराआडून माझ्याकडे टक लावून पाहत होती. मला वाटलं, भारावली आहे.

आमच्या घरात तेव्हा सतरा माणसं होती, आणि कान चौतीस. वैशाखात लग्न झालं, नवरात्राचे घट बसले तरी माझं बायकोशी जे काय बोलणं झालं ते "भाकर वाढू का?" आणि "वाढ" एवढंच. पण आमच्या भागात यावर एक जुना तोडगा होता. ज्वारीत दाणा भरायला लागला की वावरात माळा बांधायचा. चार खांब, वर फळ्या, त्यावर गवताचं छप्पर, आणि चढायला शिडी. त्या माळ्यावरून दिवसभर गोफण फिरवून पाखरं हाकलायची. ज्या घरात नवं जोडपं असेल त्या घरची राखण जोडप्याकडेच द्यायची, असा रिवाज. त्या वावराच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जाणारा माणूस आधी मोठ्यानं खाकरायचा, मग पुढे जायचा. त्या दिवसांत सारं शिवार खोकला झाल्यासारखं वाजायचं. आईनं माझ्या हातात भाकरीचं गाठोडं देत दुसरीकडेच पाहत सांगितलं, "पाखरं लई माजले म्हणतात औंदा. तुम्ही दोघं जा."

माळ्याला अकरा पायऱ्या होत्या. बायकोनं पदर खोचला आणि खारीसारखी वर गेली. वरून म्हणाली, "या नं."

मी म्हणालो, "मी खालून राखण करतो. उंदीर लई झाले."

पहिल्या दिवशी तिनं ऐकून घेतलं. गोफण तर ती अशी चालवायची की दगड खाली पडायच्या आत पोपट मारेगावच्या हद्दीत गेलेले असत. पण पाखरं गेली तरी मी काही वर येईना. दुसऱ्या दिवशीही उंदीर, तिसऱ्या दिवशी साप, चौथ्या दिवशी पायात काटा. त्यामुळे आमचा संसार सुरू झाला तो असा: ती वर, मी खाली. ज्वारी माझ्याही डोक्याच्या वर गेलेली, त्यामुळे एकमेकांना दिसायचं नाही. मग बोलायचं म्हणजे ओरडायचं. आणि आवाज माझा असा की मी शिंकलो तर दारव्ह्याचे लोक अंगणातलं वाळवण घरात घ्यायचे.

एकदा मी धीर केला. तोंडाभोवती हात धरले आणि ओरडलो, "तुले मी आवडतो का?"

  उत्तर आलं ते तिसऱ्या वावरातून, शेजारच्या काकांचं. या काकांना घरी काकूचा शब्द ऐकू येत नसे, पण वावरात मुंगीनं कूस बदललेली कळायची.

"आवडते म्हण वो सूनबाई, एकडाव म्हणून टाक! त्याले बी बरं वाटंन, अन् आमाले बी कामाले लागता येईन!"

त्याच्या पलीकडच्या वावरात सोंगणीवर आलेल्या बाया खो-खो हसायला लागल्या. त्या दिवशी बायको माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी उतरायच्या वेळी तेवढं नेहमीसारखं म्हणाली, "धुऱ्यावर जा. तिकडे तोंड करा अन् शंभर अंक मोजा. मी उतरते." हे रोजचं होतं. मी लाजरी बायको मिळाली म्हणून मनातल्या मनात खुश होऊन मोजायचो. कधी शंभर, कधी अडीचशे. एकदा तर चारशेवर गेलो. मागे वळून पाहावं तर ती खाली उभी, चेहरा लाल, कोपरावर खरचटलेलं.

चार दिवसांनी तिनं वरूनच निकाल दिला, पण आवाज दाबून, म्हणजे फक्त दोन वावरांना ऐकू जाईल एवढा.

"मले तुमाले एक गोष्ट सांगायची हाय. वरडून सांगायची नाही ते. दिवाळसणाले माहा भाऊ दमणी घेऊन येईन. तोवर तुम्ही वर आले तर दोघं मिळून जाऊ. नाही आले तर मी एकलीच जाईन, अन् मंग तुम्ही केळापूरच्या वेशीतून हाका मारत बसा. माहा बाप दार उघडणार नाही, अन् मी बी नाही."

दमणी म्हणजे माणसं नेणारी हलकी गाडी. तिचं माहेर केळापूरकडे, दोन मुक्कामांच्या वाटेवर. दिवाळीला अठरा दिवस राहिले होते. मी हसून "बरं बरं" म्हणालो खरा, पण त्या रात्रीपासून मला भाकर गिळवेना. माझी बायको बोलायची कमी आणि बोललं तेच करायची. आणि ती गेली असती तर मी खरोखरच कायमचा खाली राहिलो असतो.

आता योगायोग असा की त्याच आठवड्यात आमचा एक गोऱ्हा नाल्यावरच्या नव्या पुलावर बुजला. पुलावर पाय ठेवायचा नाही, डोळे पांढरे करायचा. असा बुजरा बैल झाला की आमच्याकडे त्याला बंजाऱ्यांच्या तांड्यावर न्यायची रीत होती. तिथे एक म्हातारे बाबा होते. त्यांच्या आज्यापणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून शेकडो कोस मुलूख तुडवला होता. आता तांडा एका जागी बसून शेती करत होता, पण बैलाची बुज मोडायची कला बाबांच्या हातात तशीच होती.

त्यांनी गोऱ्ह्याला मारलं नाही, ओढलं नाही. पुलापासून पन्नास पावलांवर, जिथे त्याचे कान ताठ झाले तिथेच उभं केलं. पुढे वैरण टाकली. ना पुढे ना मागे. अर्ध्या तासानं गोऱ्ह्यानं कान पाडले आणि रवंथ सुरू केलं. मग दहा पावलं पुढे. पुन्हा थांबायचं, पुन्हा रवंथ. तिसऱ्या दिवशी गोऱ्हा पुलावरून असा गेला जसा पूल त्याच्या बापानं बांधला होता.

मी पलीकडच्या काठावर बाबांना रामराम केला. बाबांनी माझ्या ओल्या धोतराकडे पाहिलं.

"बैल तर पुलावरून आला, भिया," ते म्हणाले. "तू काहून पाण्यातून आला?"

मी उंदीर, साप, काटा सगळं सांगून पाहिलं. ते नुसते हसत राहिले. मग मी आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो. घोड्यापासून दिवाळसणापर्यंत सगळं. बाबा पोट धरून हसले, त्यांच्या बोलीत "याडी ये!", म्हणजे "आई गं!" म्हणून मांडीवर थाप मारली, आणि मग एकदम गंभीर झाले. माझ्याभोवती एक फेरी मारली, माझे खांदे दाबून पाहिले. मला वाटलं आता दात पाहतात.

"बुजऱ्याले मारलं का तो दोन गोष्टीले भेते. पुलाले बी अन् मारणाऱ्याले बी. तू आजवर सोताले शिव्या देऊन राह्यला, म्हणून तुही बुज मोडली नाही. तुले आपण बैलावानीच घेऊ."

"पण मी रवंथ नाही करत, बाबा."

"फुटाणे तर खातं नं?"

औषध असं होतं. जिथे पाय कापायला लागतील तिथे थांबायचं. तोंडात फुटाणे टाकायचे. भीती असली की तोंड कोरडं पडतं, फुटाण्याचा भुगा तोंडातच फिरत राहतो. तो सुखानं गिळता आला की समजायचं, भीती बसली. मगच पुढची पायरी. आणि एक कडक नियम: भीती अंगात असताना मागे फिरायचं नाही. "भेवात पळाला का भेव जितलं. मंग ते दुसऱ्या दिवशी दुप्पट होऊन येते." एवढं सांगून बाबांनी भिंतीवरची बैलाची घुंगरमाळ काढली आणि माझ्या गळ्यात घातली.

"हे कायले?"

"तू तोंडानं खोटं बोलतं. घुंगरं नाही बोलत."

पहिला दिवस ओट्याच्या कडेवर. पाय खाली सोडून. मी बसलो आणि गावात लोकांना वाटलं बैलांची शर्यत सुटली. एक शेर फुटाणे लागले तेव्हा कुठे घुंगरं गप्प झाली. दुसरा-तिसरा दिवस गाडीत उभं राहण्याचा. मग निंबाचा खालचा फाटा. त्यावर बसून मी दुपारपर्यंत इतके फुटाणे खाल्ले की गावात भट्टीवाल्यानं नवीन कढई आणली. आई बिचारी खालून पाहायची आणि कोणी विचारलं तर सांगायची, "दवा चालू हाय." कशाची ते सांगायची नाही.

पुढे कितीतरी वर्षांनी यवतमाळच्या एका डॉक्टरनं मला सांगितलं की याचं मोठं शास्त्र आहे, मोठ्या शहरांत असंच हळूहळू उंचीवर नेऊन माणसं बरी करतात. मी आदरानं विचारलं, "घुंगरं किती मापाची वापरता?" तो माझ्याशी पुन्हा या विषयावर बोलला नाही.

पाचव्या दिवशी शिडी आली. बाबा खाली उभे राहायचे. चढताना बोलायचे नाहीत. उतरताना माझा घोटा हातात धरून एकेक पाय पायरीवर ठेवून द्यायचे. वर बायको पाखरं हाकलत असायची आणि अधूनमधून वाकून पाहायची. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. चौथीवर मी चक्क ज्वारीच्या वरून पाहिलं. आपलं शिवार इतकं मोठं आहे हे मला त्या दिवशी कळलं. पाचवीवर पाय ठेवला मात्र, घुंगरं अशी वाजली की विचारू नका.

तेवढ्यात चारी धुऱ्यांवरून माणसं काठ्या घेऊन धावत आली. सगळ्यांच्या पुढे काका.

"बैल घुसला रे, बैल! हाणा! सूनबाई, कुठी हाय तो?"

ज्वारी बाजूला झाली आणि काकांना शिडीवर लटकलेला मी दिसलो, गळ्यात घुंगरमाळ, गालात फुटाणे. काठी वर धरलेलीच राहिली. 

"अबे," काका म्हणाले, "हा तर दोन पायाचा हाय."

त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. मी पाचव्या पायरीवरून उडी टाकली आणि ज्वारीतून पळालो. नियम मोडला. भीती अंगात असताना मागे फिरलो. आणि बाबा म्हणाले होते तसंच झालं. दुसऱ्या दिवशी मला ओट्याच्या कडेवरसुद्धा बसवेना. नुसतं कडेकडे पाहिलं तरी घुंगरं वाजत. दिवाळीला सात दिवस होते.

मी बाबांकडे जाऊन म्हणालो, "जाऊ द्या. मी खालचाच माणूस हाय."

बाबा रागावले नाहीत. म्हणाले, "बैल एकडाव परतून पळाला तर आपण बैल नाही विकत. पुन्हा पन्नास पावलं मांगं जातो. पण या येळी लवकर होते. त्याच्या पायाले वाट ठाऊक असते." मग जरा थांबून म्हणाले, "अन् तुही बायको काल तू पळाल्यावर एकलीच वर बसून होती. हसली नाही ते. सारे हसले, ते नाही हसली. मी पाह्यलं."

हे ऐकलं आणि मी फुटाण्याची पिशवी उचलली.

ओटा एका सकाळीत झाला. गाडी दुपारी. निंब दुसऱ्या दिवशी. मग शिडी, रोज दोन पायऱ्या. काकांनी आता खबर ठेवण्याचं काम स्वतःकडे घेतलं होतं. घुंगरं ऐकून ते तिसऱ्या वावरातून ओरडायचे, "सहावी हाय का? वाटते सहावीच!" आणि घुंगरं गप्प झाली की बाया ओरडायच्या, "गिळलं वाटते!" मी पण खालीवर न पाहता ओरडून उत्तर द्यायला लागलो. ज्याची लाज वाटत होती तेच मोठ्यानं बोललं की लाज पळते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. माझं मीच ओरडता ओरडता शोधलं.

ज्या दिवशी साळा दमणी घेऊन आला त्या दिवशी मी नवव्या पायरीवर होतो. तो वावरात येऊन खाली उभा राहिला. बैल सोडले नाहीत. "भाऊजी, हे काय करून राह्यले?" त्यानं विचारलं. मला उत्तर द्यायला तोंड मोकळं नव्हतं. बायकोनं गोफण बाजूला ठेवली आणि माळ्याच्या कडेला येऊन बसली. हात पुढे केला नाही. फुटाणे गिळले. दहावी. फुटाणे गिळले. अकरावी. आणि मी सापासारखा पोटावर सरपटत फळ्यांवर गेलो.

वारा होता. पार क्षितिजापर्यंत ज्वारीची कणसं हलत होती. मला गरगरत होतं, पण गरगरायला जागा भरपूर होती.

बायको माझ्या कानाशी आली. वैशाखापासून पहिल्यांदा.

"मले उतराचं भेव वाटते," ती म्हणाली.

मी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"चढताना वर आभाळ दिसते, काही नाही वाटत. उतरताना खाली पाहावं लागते. मी डोळे मिटून, एकेका पायरीवर बसून येते. म्हणून तुमाले अंक मोजाले लावत होती. त्या चारशेच्या दिवशी सातव्या पायरीवरून माहा पाय सुटला होता. तुमाले हाक माराव वाटलं. पण चार वावरं ऐकतीन, अन् सासूबाईच्या कानावर जाईन का सून भेकड हाय." मग डोळे खाली करून म्हणाली, "लग्नात तुम्ही घोड्याकडे कसं पाह्यलं ते मी दाराआडून पाह्यलं होतं. मले वाटलं, चला, ह्या माणसाले माहं भेव सांगता येईन. तर तुम्ही उंदीर सांगत बसले."

माझ्या आयुष्यातल्या सगळ्या थापांची एकदम किंमत मोजावी लागली ती तिथे, अकरा पायऱ्यांवर. मी काही बोलणार, तेवढ्यात तिसऱ्या वावरातून हाक आली.

"अबे, काय बोलून राह्यले? काही ऐकू येऊन नाही राह्यलं!"

"तुमच्यासाठी नाही हाय ते, काका!" बायकोनं ठणकावलं, आणि आम्ही दोघं फळ्या हलेपर्यंत हसलो.

हसणं थांबल्यावर लक्षात आलं की आता उतरायचं आहे. शिडीवरून खाली येणं मला येत होतं, पण माळ्यावरून उलटं फिरून हवेत पाय सोडून पहिली पायरी चाचपणं, हे आम्ही शिकलोच नव्हतो. मी वरून बाबांना विचारलं. बाबांनी पागोटं मागे सारून डोकं खाजवलं.

"हे राह्यलंच, भिया. आमचा बैल पूल ओलांडला का पुढंच जाते, त्याले उलटं कोण आणते? माळ्यावर चढलेला बैल मी बी पह्यल्यांदाच पाहून राह्यलो."

साळा म्हणाला, "ताई, तू तरी ये." ती म्हणाली, "मले बी डोळे मिटल्याशिवाय नाही येत." 

मग आम्ही दोघंही बसलो आणि फुटाणे खाल्ले. ती माझ्यापेक्षा आधी गिळायला लागली, हे मी कबूल करतो. मी पालथा पडलो. तिनं माझ्या गळ्यातली घुंगरमाळ दोन्ही हातांनी धरून ठेवली, मी पाय हवेत सोडला, आणि किती तरी वेळानं अंगठ्याला लाकूड लागलं. दोन पायऱ्या खाली जाऊन मी थांबलो. तिचा पाय माळ्याच्या कडेवरून खाली आला. बाबा माझा धरायचे तसा मी तिचा घोटा धरला आणि पायरीवर ठेवून दिला. "डावा," मी हळू म्हणालो. "आता उजवा." माझा आवाज इतका हळू निघतो हे मलाही ठाऊक नव्हतं. तिनं डोळे मिटले नव्हते.

बैल जुंपलेलेच होते. साळ्यानं तोंडावरचा घाम पुसून विचारलं, "ताई, निघायचं?" ती दमणीत बसली, सरकली, आणि शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहून माझ्याकडे पाहिलं. मी उरलेले फुटाणे तोंडात टाकले आणि चढलो.

वेशीतून निघताना काका ओट्यावर बसलेले होते. दमणी समोरून गेली तेव्हा ते डोळे बारीक करून बैलांकडे पाहत राहिले. बैल दोन होते, आणि घुंगरं तिघांची वाजत होती.